दोन वर्षांचे बोललो होतो, त्याविषयी

बर्लिन,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज व्हिडिओ कॉलवर भेट होत असताना हे पत्र कशासाठी, असा प्रश्न बाबांना पाकीट फोडतानाच पडेल. जे सांगायचे आहे ते फोनवर आपण कोणीच मुद्द्यापर्यंत येऊ देत नाही, आई "बरं असू दे, जेवायलीस का नीट?" म्हणून विषय बदलते, बाबा चष्मा पुसू लागतात आणि मीही नातीला पुढे करून मोकळी होते. म्हणून सरळ लिहिते. लातूरहून निघताना आम्ही दोन वर्षांचे बोललो होतो आणि येत्या ऑगस्टमध्ये ती भरतात. या ऑगस्टमध्ये आम्ही कायमचे परत येणार नाही. तुमच्या नातीची सहावी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे २०२८ च्या उन्हाळ्यापर्यंत, इथेच राहायचे आम्ही दोघांनी ठरवले आहे. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये आणि त्यामागचा विचारही माझ्याकडूनच कळावा, एवढ्यासाठी हा पत्राचा खटाटोप.

मुख्य कारण शाळा हेच आहे. बाबा, तुम्ही आयुष्यभर गणित शिकवले, पुढे राज्यभर ज्याचा बोलबाला झाला तो परीक्षेच्या कसून तयारीचा लातूर पॅटर्न आकार घेताना जवळून पाहिला, आणि खेड्यापाड्यांतली मुले ट्यूशनसाठी आपल्या गल्लीत खोल्या घेऊन राहायला आलेलीही पाहिली. त्यामुळे जिथे वर्गात नंबरच काढत नाहीत आणि गृहपाठ अर्ध्या तासात संपतो, त्या शाळेविषयी तुमचे मत काय असणार, हे मला न सांगता कळते. नुकत्याच मिळालेल्या सहामाही प्रगतिपत्रकाचा फोटो मी मुद्दामच फोनवर पाठवला नाही; त्याची प्रत या पत्रासोबत आहे. त्यात गणितापुढे १ आणि जर्मनपुढे ३ लिहिले आहे. घाबरू नका. इथे १ म्हणजे सर्वांत उत्तम आणि ६ म्हणजे सर्वांत वाईट, आणि ३ चा अर्थ समाधानकारक. जी मुलगी दीड वर्षापूर्वी त्या भाषेत पाणी मागू शकत नव्हती, तिला जर्मन मुलांच्या बरोबरीने त्याच विषयात ३ मिळाले, हे माझ्या हिशेबात गणितातल्या १ पेक्षा मोठे आहे. गणिताचे श्रेय अर्थातच तुमच्या पाढ्यांना. इथे मुलांकडून दहापर्यंतचेच पाढे पाठ करून घेतात, आणि ही तेविसाचा पाढा म्हणू लागली की तिच्या बाईंना गंमत वाटते.

पहिले वर्ष "वाया गेलं" असे तुम्ही म्हणाला होता, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. बर्लिनमध्ये बाहेरून आलेल्या आणि भाषा न येणाऱ्या मुलांना आधी वेगळ्या स्वागतवर्गात बसवतात. तिच्या वर्गात युक्रेनची मुले होती, सीरियाची आणि अफगाणिस्तानची होती, आणि एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. दिवसाचे बहुतेक तास जर्मन शिकवायचे आणि चित्रकला, खेळ, पोहणे अशा तासांना ही मुले नेहमीच्या वर्गाबरोबर पाठवायची, अशी पद्धत. दिवाळीपर्यंत ती शाळेत एक अक्षर बोलली नाही. बाईंनी मला बोलावून शांतपणे सांगितले की तिला बोलायला लावू नका, ती ऐकते आहे. घरी मात्र बाहुल्या ओळीने बसवून ती त्यांना जर्मनमध्ये दटावत असे, आणि तेही अगदी त्या बाईंच्या सुरात, तर्जनी न उगारता दोन्ही हात मांडीवर ठेवून. नाताळाच्या सुटीनंतर ती शाळेतही बोलू लागली. गेल्या ऑगस्टपासून ती नेहमीच्या चौथीच्या वर्गात आहे.

आता मुद्दा असा आहे. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि दहाव्या वर्षीच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, पण बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या दोन राज्यांत ती सहावीपर्यंत चालते. पाचवीच्या दुसऱ्या आणि सहावीच्या पहिल्या सहामाहीतल्या गुणांवर पुढची शाळा ठरते. गिम्नाझियम नावाच्या माध्यमिक शाळेत बारा वर्षांत आणि दुसऱ्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत तेरा वर्षांत विद्यापीठात जाण्याची परीक्षा देता येते, म्हणजे दुसरी वाट धरली तरी दार बंद होत नाही. बाबा, तुम्ही विचारता ती दहावी म्हणजे आपल्याकडच्यासारखा आयुष्याचा कडेलोट इथे नाही. सहावीअखेर तिचे पाय भाषेत पक्के रोवले गेलेले असतील आणि तेव्हा परतायचे ठरले तर ती सातवीला येईल. याच ऑगस्टमध्ये आणले, तर जेमतेम लागलेले रोप पुन्हा उपटून लावल्यासारखे होईल; जर्मन अर्धे राहील, इंग्रजी इथे तिसरीपासून गाण्या-गोष्टींतूनच आलेले, आणि तिकडच्या पाचवीतली मुले मात्र बरीच पुढे गेलेली. एकदा मुकाट बसून तिने ते निभावून नेले. दुसऱ्यांदा तिला त्यातून न्यायची माझी तयारी नाही.

खर्चाचेही सांगून टाकते, कारण तुम्ही मनात हिशेब करत असणार. शाळेला फी नाही. सहावीपर्यंत दुपारचे जेवण आणि विद्यार्थ्यांचा बस-रेल्वेचा पास, दोन्ही बर्लिनमध्ये २०१९ पासून मोफत आहेत. मुलांच्या संगोपनासाठी सरकारकडून दरमहा २५९ युरो मिळतात आणि तुमच्या जावयांच्या आरोग्य विम्यात तीही वेगळा हप्ता न भरता येते. घरभाडे मात्र कंबर मोडणारे आहे, आणि घर मिळणे त्याहून अवघड; पहिले काही महिने आम्ही ज्या तात्पुरत्या घरात काढले, त्याचे वर्णन आईने न ऐकलेलेच बरे.

आई, तुझ्या जपून ठेवण्याच्या सवयीची इथे फार आठवण होते. गोवराच्या लसीचे दोन डोस झाल्याचा पुरावा इथे शाळेत दाखवावा लागतो, २०२० पासून तसा कायदाच आहे. तू ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली ठेवलेले ते लसीकरणाचे कार्ड निघाले नसते तर पहिल्याच पायरीवर धावपळ झाली असती. शाळेतल्या बाईंनी ते चुरगळलेले कार्ड दोन्ही बाजूंनी निरखले, तारखांवर बोट ठेवले आणि मान डोलावली.

पोहण्याचे मी फोनवर उडत उडत सांगितले होते, ते नीट सांगायचे राहिले. बर्लिनच्या शाळांत तिसरीला पोहणे हा सक्तीचा विषय आहे. पंचवीस मीटर न थांबता पोहायचे, काठावरून उडी मारायची आणि खांद्याएवढ्या पाण्याच्या तळाशी टाकलेली वस्तू बुडी मारून वर आणायची, एवढे जमले की समुद्रघोड्याचे चित्र असलेला एक कापडी बिल्ला मिळतो. ती परीक्षा देत होती तेव्हा मी काचेपलीकडे बसून २०१६ चा उन्हाळा आठवत होते. मांजरा धरण कोरडे पडले होते, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली होती. त्याच उन्हाळ्यात मी बाळंतपणाला तुमच्याकडे आले. बाबा रात्री टँकरच्या रांगेत उभे राहत, आणि आई बाळाला पितळी परातीत न्हाऊ घालून तेच पाणी तुळशीला नेऊन घाली. ती मुलगी तळाशी गेली, वर आली आणि हातातली रबरी कडी उंच धरून मला शोधू लागली. तो बिल्ला मी तिच्या पोहण्याच्या पोशाखावर शिवून दिला आहे.

सगळे गोड आहे असे लिहिले तर तुम्हाला खोटे वाटेल. डिसेंबरमध्ये दुपारी चारला अंधार पडतो आणि आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा माझेही मन उडते. संभाजीनगरची नोकरी सोडून मी इथे पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे. भाषेची पुढची परीक्षा झाल्याशिवाय माझ्या पदवीचा उपयोग नाही, याची टोचणी आहेच. गेल्या नोव्हेंबरात मावशीकडच्या लग्नाला आलो नाही म्हणून नातेवाइकांनी बरेच बोलून घेतल्याचे दादाकडून कळले. कृपया त्यांना सांगा की इथे शाळेची सक्ती फार कडक आहे. सुटी नसताना लग्नासाठी मुलाला न्यायचे तर शाळेची आधी परवानगी लागते, आणि ती न घेता नेले तर दंड होऊ शकतो. कायदा कडक असला तरी मला तो मनातून पटतो, एवढे मात्र नातेवाइकांना सांगू नका.

बाबांच्या मनातली दुसरी भीती कायमचे तिकडचे होण्याची आहे. तुमच्या जावयांकडे नोकरीसाठी इथे राहण्याचे जे ब्लू कार्ड आहे, त्यावर भाषेची बी-१ पातळी गाठली असेल तर एकवीस महिन्यांनंतर कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आल्यावरही पुस्तक घेऊन बसणारा माणूस तो, त्यांनी ती परीक्षा दिलीही, आणि येत्या मेमध्ये आम्ही तो अर्ज करणार आहोत. पण परवाना आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना घेतला म्हणून भारताचा पासपोर्ट जात नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले तरच तो जातो, आणि तसा आमचा विचार नाही. परवान्याचा फायदा एवढाच की नोकरी बदलली किंवा सुटली तरी मुलीचे वर्ष मध्येच तुटणार नाही.

तिचे मराठी सुटू नये याची जबाबदारी मात्र मी अर्धी तुमच्यावर टाकणार आहे. बालभारतीची चौथीची पुस्तके मी इंटरनेटवरून उतरवून छापून घेतली आहेत. शनिवारी बाबांनी तिला इतिहास शिकवावा, कारण शिवाजी महाराज माझ्याकडून ऐकताना ती जांभया देते आणि तुमच्याकडून ऐकताना प्रश्न विचारते. आईने तिच्याकडून रोज चार ओळी वाचून घ्याव्यात. ती चुकली तरी मध्ये थांबवू नका, ओळ संपल्यावर सांगा.

आणि आता खरी विनंती. एप्रिलच्या मध्यावर तुम्ही दोघे इकडे या. पर्यटकाच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. लातूरचा कडक उन्हाळा टळेल, आणि इथे जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेला सुटी लागली की आम्ही तुमच्याच बरोबर लातूरला येऊ आणि सुटीभर राहू. बाबांचा पासपोर्ट एकदा पाहून घ्यावा. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने त्याची मुदत हवी आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावे लागेल, तेव्हा दोन दिवस दादाकडे मुक्काम करा. किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो, तो मी इथून काढते. पेन्शनचा दाखला आणि बँकेचे उतारे तेवढे बाबांनी काढून ठेवावेत. विमान एकदा बदलावे लागेल, म्हणून आईसाठी चाकाच्या खुर्चीची नोंद मी तिकिटातच करणार आहे. आई, "मला काय झालंय, मी चालते की" असे म्हणून ती नाकारू नकोस. त्या विमानतळावर एका दारापासून दुसरे दार आपल्या घरापासून गंजगोलाईच्या बाजारापेक्षा लांब असते, आणि तुझा गुडघा मला माहीत आहे.

बाबांची बीपीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत. दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तारखांबद्दल काय ठरते ते पत्र मिळाल्यानंतरच्या रविवारपर्यंत कळवा, म्हणजे तिकिटे काढता येतील.

तुमची,
लेक

ता. क. तूप, पेढे, खवा काहीही आणू नका. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. प्रमाणपत्राशिवाय आंबेही चालत नाहीत, त्यामुळे केशरची पेटी दादाकडेच राहू द्या. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि आपल्या ज्वारीचे पीठ जितके वजनात बसेल तितके आणा. इथे दुकानात ज्वारीचे पीठ मिळते, पण त्याची भाकरी थापताना कडेला चिरते.