आक्का, तुमचा ताग आता वाजायला लागलाय

आदरणीय आक्का,

सा. न. वि. वि.

पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय, कारण समोर बसून आभार मानले तर तुम्ही "चहा घे आन् जा" म्हणून वाटेला लावता. नात मोबाइलवर वाचून दाखवील. चष्मा लावायचा तुम्हाला किती कंटाळा आहे, ते माहीत आहे मला.

वडिलांच्या आजारपणात बैलजोडी विकली, मग म्हैसही गेली. निफाड तालुक्यातली, कादवेच्या काठची आमची अडीच एकर काळी जमीन शेणाविना राहिली. रासायनिक खत टाकायचं नाही हा माझा हट्ट. म्हणून शेणखताची ट्रॉली विकत घेतली. ते अर्धकच्चं निघालं आणि त्यातून गाजरगवत न् हुमणी दोन्ही रानात आली. पैसे देऊन कीड आणली म्हणा ना! तेव्हाच तुम्ही ओट्यावरून म्हणालात, "दावणीला जनावर नाही तर नाही. रानातच खत पेर की."

आणि वीस किलो तागाचं बी उसनं दिलंत. एकरभर रानाला पुरेल एवढं. ताग उगवला की उभं पीकच मातीत गाडायचं, तेच खत.

मी मात्र घोळ घातला. ताग पेरला उशिरा, आणि पिवळी फुलं बघून हरखलो. जितका वाढेल तितकं खत जास्त, असा माझा हिशोब. शेंगा धरल्यावर रोटाव्हेटर फिरवला आणि आठ-दहा दिवसांत कांदा लावला. तीन आठवड्यांत पात पिवळी पडली. गावात जो तो सांगायचा, युरिया मार. तुम्ही आलात, बांधावर उरलेलं तागाचं एक ताट वाकवलंत. ते मोडेचना, सालीचा दोराच सुटून हातात आला. "सुतळी वळायची होती का रे तुला?" एवढंच बोललात. लाज वाटली, पण समजलं. ताग चाळीस-पंचेचाळीस दिवसांचा, फुलावर येताना गाडायचा. ताट कट्कन मोडतं तोवरच. पुढे ते चिवट होतं आणि त्याला कुजवायला मातीतले जिवाणू जमिनीतलंच नत्र, म्हणजे नायट्रोजन, ओढून घेतात. कुजणं पुरं झालं की ते नत्र परत मोकळं होतं, पण तोवर पीक उपाशी. तुमच्या भाषेत, "वाढपीच आधी जेवायला बसले, मग पंगतीला काय मिळणार?"

यंदा तुमच्या सांगण्याबरहुकूम केलं. जूनमध्ये मूग, शेंगा तोडून झाड तिथंच गाडलं. ऑगस्टअखेर ताग. महिन्याभरात तुम्ही स्वतः एक रोप उपटलंत, मुळावरची गाठ नखाने फोडलीत. आत गुलाबी-लाल, रक्तासारखी. "लाल हाय म्हंजे कामावर हाय." शाळेच्या पुस्तकात मुळांवरच्या गाठींचं चित्र मी काढलं होतं, पण गाठ फोडून बघ असं कुणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन वाचलं. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच भावकीतला. हवेतलं नत्र या गाठींतून मिळतं, हे हेल्रीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886 साली दाखवून दिलं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "बरं झालं, त्यांनाबी घावलं."

ऑक्टोबरच्या मध्याला गाडला, मधे पाणी दिलं, डिसेंबरात कांदा लावला. आता महिन्याचा झालाय. पात गडद हिरवी आहे. काढणी एप्रिलमध्ये, तोवर फुशारकी मारत नाही.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही मला जमिनीवर आणलंत. ताग सगळं भागवतो असं मी चारचौघांत सांगत सुटलो होतो. तुम्ही विचारलंत, "गोणीतून लासलगावला गेलं ते कोण परत आणणार?" खरंय. कांद्याच्या गोण्यांबरोबर रानाचं सत्त्वही बाजारात जातं. नत्र हवेतून मिळतं, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) हवेत नाहीत. ताग फार तर खालचं वर आणतो, नवं घडवत नाही. म्हणून आता कांद्याची पात, टरफलं, घरातला ओला कचरा, सोयाबीनचं भुसकट आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला, सगळं एका खड्ड्यात जातं. हिरवा थर, सुका थर, वर पाणी. चुलीची राख मूठभरच टाकतो. आपली जमीन आधीच चुनखडीची, राखेने आणखी खारवेल, हाही तुमचाच दम. कडुलिंबाखालच्या निंबोळ्याही यंदा गोळा करणार आहे. गेल्या पावसाळ्यात पोरांनी त्या तुडवल्या आणि मी नुसता बघत राहिलो.

पायाला माती कशी लागते ते एकदा येऊन बघा. पूर्वी पाऊस उघडला की ढेकळं दगडासारखी व्हायची. परवा खुरपं घातलं तर मुठीत दाबलेली माती भुसभुशीत सुटली आणि आत दोन गांडुळं निघाली. बायकोला हाक मारून दाखवली, ती म्हणाली, "एवढ्यासाठी बोलावलंत?"

पश्चिमेच्या बांधालगतच्या सहा ओळी मुद्दाम गाडल्या नाहीत. शेंगा वाळल्यात, वारा आला की खुळखुळ वाजतात. येत्या आठवड्यात झोडपून घेतो आणि पोतं घेऊन येतो. वीस किलो उसनं भरलं की उरेल ते वाढीचं, तेही तुमचंच. ताटंही बांधून आणतो. सुतळी कशी वळायची ते आता खरंच शिकवा.

तुमचा,
खालच्या मळ्यातला