निरंक

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला गेले तर आई पहिल्या वाक्याला रडणार, बाबा दुसऱ्याला प्रश्न विचारणार आणि माझं तिसरं वाक्य राहूनच जाणार. म्हणून कागद घेतला.

ईशानला गणपतीनंतर चार दिवस ॲडमिट केलं होतं, तेव्हा मी तुम्हाला 'ताप आहे, लघवीचं इन्फेक्शन' असं सांगितलं. ते खोटं होतं. त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, किडनीचा एक आजार. बाबांची अँजिओप्लास्टी होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता, म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं की आत्ता नको, दिवाळीनंतर सांगू. दिवाळीनंतर संक्रांत आली. आता मार्च लागलाय आणि मला आणखी पुढे ढकलता येत नाही, कारण मे महिन्यात त्याला तीन आठवडे तुमच्याकडे ठेवायचं मनात आहे.

बाबा, किडनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे डायलिसिस येणार. तसं नाही. त्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करते का ते सांगणारा रक्तातला आकडा, पहिल्या दिवसापासून व्यवस्थित आहे. एका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्या रक्तातला नको तो भाग लघवीत सोडतात आणि प्रोटीन आत राखतात. याच्या गाळण्यांची वीण मधूनच सैल होते. आई, तुझं चक्का बांधायचं फडकं जुनं झालं की पाण्याबरोबर दहीही उतरायला लागतं ना, तसं. प्रोटीन लघवीतून गेलं की रक्तातलं पाणी रक्तात टिकत नाही, अंगात उतरतं आणि पोर सुजतं. का होतं, तर शरीराची प्रतिकारशक्तीच कुठेतरी बिथरते, एवढंच डॉक्टर सांगतात. मीठ जास्त खाल्ल्याने झालेलं नाही, मी बाळंतपणात काही खाल्लं-न खाल्लं त्याने झालेलं नाही आणि आई, कोणाची दृष्ट लागून तर नाहीच नाही.

सुरुवात सकाळी सुजणाऱ्या डोळ्यांनी झाली. उठला की पापण्या फुगलेल्या, दुपारपर्यंत उतरायच्या. जवळच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून डोळ्यांत थेंब आणि एक सिरप दिलं. दहा दिवस आम्ही ते इमानेइतबारे दिलं. मग एका संध्याकाळी मोजे काढले तर इलॅस्टिकची खूण पायात रुतलेली, रात्री झोपेपर्यंत तशीच. चड्ड्या पोटावर लागेनात. १४ किलोचं पोर १६ वर गेलं. दुसऱ्या डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला, काढला, आणि खड्डा तसाच राहिला. तो खड्डा बघून काय ते मला कळलं. लघवीचा रिपोर्ट नंतर आला.

औषध म्हणजे स्टेरॉइड. सहा आठवडे रोज, मग सहा आठवडे दिवसाआड. त्याला ते लागू पडलं, बाराव्या दिवशी प्रोटीन जायचं थांबलं. लागू पडणं ही यातली सर्वांत मोठी गोष्ट, बहुतेक मुलांना पडतं. त्यामुळे बायोप्सी वगैरे करावी लागली नाही.

पण त्या औषधाने जी भूक लागते, ती तुम्ही पाहिलेली नाही. पहाटे साडेचारला उठून 'आई, भात' म्हणायचा. भात खाऊन होईपर्यंत पोळीची चौकशी. एकदा ताट काढून घेतलं म्हणून स्वतःच्या बाबाच्या, समीरच्या मनगटाला चावला, आणि चावल्यावर स्वतःच घाबरून त्याला मिठी मारून बसला. गाल चेंडूसारखे झाले. दिवाळीत तुम्हाला फोटो पाठवला तो नेमका त्याच आठवड्यातला. आई, तू म्हणालीस, "चांगलं बाळसं धरलंय हो, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक." मी 'हो ना' म्हणाले आणि विषय चकलीवर नेला. बिनमिठाची चकली कशी लागते ते मला तेव्हाच कळलं होतं, पण तुला कसं सांगू?

तू पाठवलेली मिरगुंडं आणि पोह्याचे पापडही शेजारी गेले. 'खुसखुशीत झालेत' हा अभिप्राय त्यांचा, मी फक्त तो तुझ्यापर्यंत पोचवला.

आता बाबांचा भाग. रोज सकाळची पहिली लघवी तपासायची असते. एक पट्टी मिळते, तिचं टोक बुडवायचं, मिनिटभर थांबायचं आणि बाटलीवरच्या रंगांशी जुळवायचं. पिवळी राहिली तर काही नाही. हिरवट झाली तर एक प्लस, आणखी गडद होत होत चार प्लस. तीन किंवा चार प्लस सलग तीन दिवस आलं तर आजार उलटला, डॉक्टरांना फोन. एखाद्या दिवशी एक प्लस दिसली म्हणून घर डोक्यावर घ्यायचं नाही, हे शिकायला मला तीन महिने लागले. साध्या सर्दीतही दिसते.

हे सगळं एका दोनशेपानी वहीत लिहितो. तारीख, पट्टी, वजन, औषध, शेरा. पहिल्यांदा पट्टी पिवळी राहिली त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. 'नॉर्मल' लिहायला हात धजेना. मग तुमचा शब्द लिहिला, 'निरंक'. शाळेतून महिनाअखेरीला तुम्ही जे तक्ते पाठवायचात, त्यात गोवराचे रुग्ण निरंक, अमुक निरंक, तमुक निरंक. लहानपणी मला वाटायचं हे कोणातरी माणसाचं नाव आहे. आता समीरही उठल्या उठल्या विचारतो, "निरंक का?" आणि ईशान बाथरूममधून ओरडतो, "निरंकऽऽ!" पट्टी बुडवायच्या आधीच.

वही मी नेहमी नीट ठेवली असं म्हणणार नाही. डिसेंबरमध्ये औषध संपलं, सगळं छान होतं. संक्रांतीच्या सुमारास पाहुणे, सर्दी-खोकला, माझं ऑफिस, आणि सहा दिवस तपासणीच झाली नाही. सातव्या दिवशी सकाळी तो उठला आणि डोळे उघडेनात. पट्टी काळपट हिरवी. वहीतली ती सहा रिकामी घरं मी तशीच ठेवली आहेत. सर्दीनंतर उलटणं या आजारात नेहमीचं, आणि बहुतेक मुलांना निदान एकदा तरी उलटतोच, तपासलं असतं तरी उलटला असता. पण सूज यायच्या आधी कळलं असतं. पुन्हा रोज स्टेरॉइड, नवव्या दिवशी निरंक, मग चार आठवडे दिवसाआड. ते गेल्या आठवड्यात संपलं. वाढत्या वयाबरोबर हे उलटणं विरळ होत जातं आणि बहुतेक मुलं मोठी होईपर्यंत यातून बाहेर पडतात, असं डॉक्टर म्हणतात. किती वर्षं, ते कोणी सांगत नाही आणि मीही विचारणं सोडलंय.

चिपळूणच्या हवेची मला एक काळजी आहे. पट्ट्यांना दमट हवा चालत नाही. बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावायचं, आतली पुडी फेकायची नाही, फ्रिजमध्ये ठेवायची नाही. तरी शंका आली तर तुमचा प्रयोग आहेच. परीक्षानळी दोन तृतीयांश भरायची, खाली धरून वरचा भाग तापवायचा. गढूळ झालं तर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब. गढूळपणा विरला तर प्रोटीन नाही, राहिला तर आहे. अंड्यातला पांढरा भाग शिजतो तसंच, तुम्ही नववीला शिकवायचात ते. मी पहिल्या बाकावर नाक मुरडत बसलेली असायचे.

आई, खाण्याचं ऐक. आजार शांत असताना वरण-भाजीत घरात पडतं तेवढं मीठ चालतं. वरून मीठ नाही. लोणचं, पापड, खारातली मिरची, फरसाण, सुकट नाही. ताजी मासळी खुशाल दे. आगळ नको, त्यात मीठ असतं. रातांब्याचं साखरेतलं सरबत कपभर चालेल. आंबे खाऊ दे, फणस खाऊ दे. 'बिचाऱ्याला एवढासा पापड' असं मात्र कोणी हातावर ठेवता कामा नये, विशेषतः मागच्या दारच्या काकूंनी. आणि वाडीत कोणाच्या घरी कांजिण्या आल्या असतील तर तिकडे पाठवायचं नाही, चुकून गेला तर त्याच दिवशी मला फोन. आता हे औषध चालू नसलं तरी नुकतंच बंद झालंय, आणि त्याचा कांजिण्यांचा दुसरा डोस राहिलाय.

ताप आणि त्यासोबत पोट दुखतं म्हणाला, किंवा दिवसभरात शू फार कमी झाली, तर माझ्या फोनचीही वाट बघू नका, सरळ डेरवणच्या हॉस्पिटलला न्या. फाइलची झेरॉक्स सोबत देईन. काढा, जडीबुटी, कोणी सांगितलेलं चूर्ण, काही नाही. बाबा, यावर तुमचं आणि माझं भांडण व्हायचं असेल तर ते आत्ताच पत्रातून होऊ दे.

तुम्हाला हे जड वाटत असेल तर तसं स्पष्ट कळवा, मी रागावणार नाही. रजा काढायचं बघू. पण खरं सांगू का, सहा महिने रोज सकाळी तो रंग मी किंवा समीर, आम्ही दोघंच बघतोय. तीन आठवडे दुसऱ्या कोणीतरी बघावा असं वाटतं. मी रोज साडेसातला फोन करीन, तुम्ही फक्त एक शब्द सांगायचा.

आम्ही ३ मेला कुंभार्ली घाटाने येऊ. घाटात त्याला उलटी होते, तो आजार नव्हे, तो माझ्यावर गेलाय. पट्ट्यांची नवी बाटली आणि वही आणते. शाळेतून निवृत्त होताना तुम्ही स्पिरिटचा दिवा आणि परीक्षानळ्या घरी आणल्या होत्या, त्या माळ्यावर अजून आहेत का, तेवढं बघून ठेवा.

तुमची,
ताई

ता. क. आई, यंदा मिरगुंडं आमच्यासाठीसुद्धा करू नकोस. तळणीचा वास त्याला जिन्यातून कळतो.