घाटात न्यूट्रल आणि सपाटीला चौथा गिअर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पेट्रोल-डिझेलच्या दरांबद्दल आपल्या पत्रसदरात वाचक नेमाने लिहितात. पेट्रोलने शंभरी ओलांडून वर्षं लोटली, तेव्हा ते लिहिणं रास्तच आहे. मला लिहायचं आहे ते दराबद्दल नाही, तर तेच पेट्रोल आपण हायवेवर कसं जाळतो त्याबद्दल. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर हा विषय संपला असं वाटलं होतं, पण मार्चमध्ये भाच्याच्या गाडीत बसून धुळ्याला गेलो आणि राहवेना.

भाचा नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. दीड वर्षापूर्वी त्याने छोटी पेट्रोल कार घेतली. सासुरवाडी धुळ्याची, त्यामुळे महिन्याला दोन फेऱ्या ठरलेल्या. "मामा, बावीसचं ॲव्हरेज सांगून गाडी गळ्यात मारली, पंधराच्या पुढे जातच नाही," असं तो घरात सगळ्यांना सांगत होता. सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा तिथल्या लोकांनी प्लग बदलले, इंजेक्टर साफ करण्याचे वेगळे पैसे घेतले, ॲव्हरेज होतं तिथेच राहिलं. तो दोनदा जाऊन आला. 'तुम्ही गाडी चालवता कशी?' हे मात्र दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. मला याचं फार वाईट वाटलं, कारण दुखणं तिथेच होतं.

बावीसचा आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्यावरचा नसतो. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, ठरावीक चक्रानुसार, एसी बंद ठेवून. त्या चक्रात गाडीचा जास्तीत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर असतो, आणि तोही थोडाच वेळ. भाचा शंभरच्या खाली येत नव्हता.

आडगाव सोडलं, ओझर मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला. माझं लक्ष आरपीएमच्या, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणाऱ्या काट्याकडे गेलं. शंभरचा वेग आणि काटा साडेतीन हजारांच्या पुढे. गिअर चौथा.

"पाचवा का टाकत नाहीस?"

"पाचव्यात गाडी दबते मामा. चौथ्यात पिकअप हाताशी राहतो. कुणाला मागे टाकायचं तर लगेच जाता येतं."

हे मी शेकडो मुलांच्या तोंडून ऐकलं आहे. ओव्हरटेक करण्यापुरता चौथा टाकणं अगदी बरोबर. पण त्या वीस सेकंदांच्या सोयीसाठी दीडशे किलोमीटर चौथ्यात जायचं? पाचवा टाकायला लावला. वेग तोच, काटा एकोणतीसशेवर आला. गाडीला पुढे ढकलायला लागणारं काम तेवढंच राहिलं, इंजिनाचे फेरे मात्र मिनिटाला सातशेने कमी झाले. प्रत्येक फेऱ्यात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासतात, बेअरिंग फिरतात, ऑइल पंप ओढला जातो. या सगळ्याला पेट्रोल लागतं आणि त्यातून गाडी इंचभरही पुढे जात नाही.

पेट्रोल इंजिनात आणखी एक गोष्ट आहे, ती वर्गात समजावताना मी नेहमी लस्सीचं उदाहरण द्यायचो. स्ट्रॉ चिमटीत दाबून लस्सी ओढून बघा, गाल दुखतात. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर हलकासा दाबलेला असतो, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप जेमतेम उघडी, आणि त्या फटीतून इंजिनाला मिनिटाला हजारो वेळा श्वास ओढावा लागतो. पाचव्यात त्याच वेगासाठी पाय थोडा जास्त दाबावा लागतो, झडप जास्त उघडते, श्वास मोकळा होतो. "पाय जास्त दाबला म्हणजे पेट्रोल जास्त गेलं" हा समज इथे चुकतो. डिझेलमध्ये ही झडपेची ओढाताण फारशी नसते, पण घर्षणाचा हिशेब तिथेही तोच.

याचा अर्थ पाचवा सोडायचाच नाही असा कुणी घेऊ नये. कसारा चढताना किंवा चंदनापुरी घाटात चाळीसच्या वेगाला पाचवा धरून बसलात तर इंजिन ठोके द्यायला लागतं. ते कण्हणं कानावर आलं की गिअर उतरवायलाच हवा, तिथे आरपीएम वाचवायला जाणं म्हणजे इंजिनाला मारणं. सपाट रस्त्यावर, स्थिर वेगाला, इंजिन न कुरकुरता जो सर्वांत वरचा गिअर ओढतं तो योग्य गिअर.

गिअर सुधारल्याने थोडं वाचतं. खरी लूट वेगात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट, विरोध दीडपटीहून जास्त. ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट, विरोध सव्वादोनपट. चाकांचा विरोध वेगाने फारसा बदलत नाही म्हणून एकूण पेट्रोल सव्वादोनपट लागत नाही, पण ऐंशीला वीस देणारी छोटी गाडी एकशेवीसला चौदा-पंधरावर येते ती यामुळे. भाच्याच्या गाडीच्या टपावर कॅरिअरही आहे, दिवाळीत सामान न्यायला बसवलेलं, ते तसंच रिकामं हवा कापत असतं. खिडक्या उघड्या ठेवून शंभरने जाणाऱ्यांचंही तेच. त्या वेगाला एसी बंद करून हाती काही लागत नाही.

समृद्धी महामार्गावर हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कारसाठी तिथे १२० ची मर्यादा आहे. मर्यादा म्हणजे त्याच्या वर जायचं नाही, एवढंच. आपले लोक ती गाठायची रेषा समजतात. शंभर किलोमीटरचं अंतर १०० ने गेलात तर तास लागतो, १२० ने गेलात तर पन्नास मिनिटं. त्या दहा मिनिटांसाठी हवेचा विरोध चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढवून घ्यायचा, वर टायर तापवायचे. टायरमध्ये हवा कमी असेल तर मग पेट्रोलाची नाही, जिवाची चिंता करायला हवी.

धुळ्याहून परत आल्यावर भाच्याला वही घालायला लावली. नियम दोनच. टाकी पूर्ण भरायची, तीही त्याच पंपावर आणि नोझल पहिल्यांदा बंद पडेल तिथपर्यंतच. आणि हिशेब जाऊन-येऊन धरायचा, एका बाजूचा नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे आणि धुळे अडीचशेच्या आसपास, म्हणजे जाताना एकूण उतार, येताना चढ. जातानाचा आकडा बघून खूश होणारे आणि येतानाचा बघून पंपवाल्याला शिव्या देणारे मी दोन्ही पाहिले आहेत. बाराशे किलोची गाडी साडेतीनशे मीटर वर चढवायची तर निव्वळ उंचीपोटी अर्धा लिटर पेट्रोल जातं, त्याला पंपवाला काय करणार?

पहिली फेरी त्याच्या पद्धतीने, १०० ते ११० आणि बराचसा चौथ्यात: १५.२. दुसरी माझ्या पद्धतीने, ८० ते ८५, पाचव्यात: १९.८. तीनशे दहा किलोमीटरमागे पावणेपाच लिटरचा फरक, म्हणजे पाचशेच्या आसपास रुपये. वेळेचा फरक एका बाजूला सोळा मिनिटं. कागदावर तेवीस यायला हवा होता, पण टोलनाके आणि चांदवडपर्यंत कांद्याचे ट्रॅक्टर सगळ्यांनाच सारखे थांबवतात.

त्या ट्रॅक्टरांवरून आठवलं. पिंपळगावच्या पुढे ट्रॉली वळताना लांबून दिसते, तरी आपण शंभरने तिच्यापर्यंत जातो, ब्रेक मारून साठवर येतो आणि पुन्हा शंभर गाठतो. छोट्या गाडीत अशा एका खेपेला तीस-चाळीस मिलिलिटर पेट्रोल जातं. ट्रॉली दिसताक्षणी पाय उचलला असता तर त्यातलं बरंचसं वाचलं असतं. धुळ्यापर्यंत असं किती वेळा होतं ते मोजायला मी त्याला सांगितलं. तेविसाव्या वेळी त्याने मोजणं सोडलं.

आता घाटाबद्दल, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. राहुड घाटाच्या उतारावर भाच्याने गाडी सरळ न्यूट्रल केली. "उतारावर फुकट पळते मामा." मी त्याला तत्काळ ॲव्हरेज दाखवणारा आकडा बघायला लावला. न्यूट्रलमध्ये तो सत्तरच्या घरात होता. तिसरा गिअर टाकून पाय ॲक्सिलरेटरवरून काढायला सांगितलं, तर आकडा ९९.९ ला जाऊन चिकटला, कारण त्याच्यापुढे तो जाऊच शकत नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद होतात. चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल शून्य जातं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, तासाला अर्धा-पाऊण लिटर. इंजेक्टरच्या आधीच्या कार्बुरेटरच्या काळात पाय उचलला तरी पेट्रोल जातच राहायचं, त्यामुळे न्यूट्रलने खरोखर वाचायचं, म्हणून आमच्या पिढीच्या ड्रायव्हरांनी ती सवय लावून घेतली आणि पुढच्यांना शिकवली. कार्बुरेटर गेले, सवय राहिली. अगदी मंद, लांबलचक उतारावर न्यूट्रलने थेंबभर वाचतं असं कुणी दाखवून देईल, ते मला माहीत आहे. घाटात तो वाद नको. तिथे गिअर काढला की गाडीचं सगळं वजन ब्रेकवर येतं. कसाऱ्यात ब्रेकचे लाइनर जळल्याचा वास ज्याने घेतला आहे, त्याला पुढचं सांगावं लागत नाही. तापलेला लाइनर धरत नाही, पेडल दाबून काही होत नाही, आणि भरलेल्या ट्रकला सुटलेला गिअर त्या वेगाला पुन्हा बसत नाही.

रात्री पिंपळगाव, दिंडोरीकडून टोमॅटो घेऊन वाशीला जाणाऱ्या पिकअपवाल्यांची मला विशेष काळजी वाटते. क्रेट टपाच्या वर रचलेले, ताडपत्री फडफडणारी, त्यामुळे हवेचा विरोध कारच्या कितीतरी पट. पहाटेचा बाजार गाठायचा म्हणून सपाटीला पळवायचं आणि तिथे जास्त गेलेलं डिझेल घाटात न्यूट्रल करून भरून काढायचं. फेरीमागे ठरलेलं डिझेल देणाऱ्या मालकांनी हे समजून घ्यायला हवं. अर्धा तास आधी गाडी भरून दिली तर दोन्ही वाचतं, पोराचा जीव आणि मालकाचं डिझेल.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकणाऱ्याला एकदा तरी आरपीएमचा काटा वाचायला शिकवावा. आज तो काटा म्हणजे बहुतेकांना शोभेची गोष्ट वाटते. घाटांच्या उतरणीच्या तोंडाशी 'न्यूट्रलने डिझेल वाचत नाही' असा स्पष्ट मराठी आणि हिंदी फलक असावा. 'सावकाश चालवा' आता कुणी वाचत नाही. २०२७ च्या सिंहस्थाला देशभरातून गाड्या येतील, त्यातल्या कितीतरी ड्रायव्हरांना आपले घाट ठाऊक नसतील. हे फलक त्याआधी लागायला हवेत.

भाच्याच्या वहीत आता पाच टाक्यांचे आकडे आहेत, शेवटचा वीसच्या किंचित वर. टपावरचं कॅरिअर त्याने अजून काढलेलं नाही. ते काढून एक फेरी झाली की तो आकडाही आपल्याला कळवीन.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, नाशिक रोड