पोळ्याला येणं जमणार नाही

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, पोळ्याला येत नाही म्हटल्यावर तू फोनवर गप्पच झालीस. रागावू नको गं. पोळा अवसेला, आणि आमचं कामही नेमकं तेव्हाच. इथे ओडिशात बालासोरच्या किनाऱ्यावर अवस-पुनवेच्या मोठ्या भरतीला हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला वाळूवर येतात. एरवी समुद्राच्या तळाशी असतात, तिथे त्यांना कोण मोजणार?

बाबा, नावात क्रॅब असला तरी हा खेकडा नाही, विंचू-कोळ्यांच्या गोतातला आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचं कवच, मागे टोकदार शेपटी. याचं कूळ ४४ कोटी वर्षांपूर्वीचं. रक्तात तांबं असतं, म्हणून ते निळं. लस, सलाईन यांत जिवाणूंचं विष उतरलं नाही ना, हे जगभर याच्याच रक्ताच्या अर्काने तपासत आलेत. त्या रक्तासाठी आणि खाण्यासाठी चीनकडे याची एक जात इतकी पकडली की ती आता धोक्यात आहे. वयात यायलाच दहाएक वर्षं लागतात, मग भर पडणार कधी? आपल्याकडे २००९ पासून कायद्याचं संरक्षण आहे. तरी मासळीच्या जाळ्यात सापडून मरतातच.

परवा पहाटे जाळ्यात अडकलेली एक मादी पाहिली. नर तिच्या पाठीला धरूनच होता. जाळ्याचा नायलॉनचा तंगूस पायांच्या सांध्यासांध्यांत रुतलेला, पोटाखालचे कल्ले अजून हलत होते. जाळंवाले दादा म्हणाले, पाय मोडून काढा, पण जाळं कापू नका. मला त्यांचा राग नाही आला. नवं जाळं घेताना काय होतं ते आपल्या घरात पाहिलंय. मी नखांनी एकेक धागा सोडवत बसले. दोघंही जिवंत पाण्यात गेली.

पण दरवेळी एवढा वेळ मिळत नाही. म्हणून बाबा, आपल्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावावर मोठी मरळ गुंतली की तुम्ही जाळ्याचे दोन-चार डोळे कापता आणि काठावरच सुईने भरून काढता, ते मला व्हिडिओ कॉलवर शिकवा. कापलेलं जाळं जागेवर विणून दिलं तर हे लोक आम्हाला कापू देतील, मला खात्री वाटते. तंगूसाची गाठ माझ्या हातून घसरते, ती कशी आवळता तेही दाखवा. रविवारी संध्याकाळी करू का फोन?

दसऱ्याला नक्की येते. आई, गुडघ्याचं औषध चुकवू नको.

तुमची,
वर्षा