सुतार पक्ष्याचे डोके आणि तुझी स्पंजची गादी

गुहागर,
२२ फेब्रुवारी

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांकडून ‘निसर्गाचे हेल्मेट’ करून घेण्याचा तुझा बेत आहे आणि त्यात सुतार पक्ष्याच्या चोचीमागे धक्के शोषणारी स्पंजची गादी दाखवायची आहे, हे वाचून मला आधी माझीच लाज वाटली. नोकरीत असताना नवख्या अभियंत्यांना पुलाच्या तुळईखालचे रबरी बेअरिंग समजावताना हीच गादी मी कितीदा सांगितली असेल, याची गणती नाही. ऐकायला ती इतकी पटते की तपासून पाहावी असे कधी मनातही आले नाही.

आता मात्र तपासायची वेळ आली, कारण मागच्या दारच्या वठलेल्या माडावर सोनपाठी सुताराच्या जोडीने ढोली कोरायला घेतली आहे. मी फोनवर सेकंदाला २४० चित्रे टिपणारे चित्रीकरण केले आणि ते एकेक चित्र पुढे सरकवत पाहिले. मान मागे जाते, सगळे अंग धनुष्यासारखे ताणले जाते, मग डोके सुटते, हे सारे स्वच्छ दिसते. घाव मात्र दिसत नाही. दोन चित्रांमध्ये सुमारे चार मिलिसेकंदांचे अंतर असते आणि चोच लाकडावर थांबायला एखादाच मिलिसेकंद लागतो, त्यामुळे नेमका घाव दोन चित्रांच्या फटीत निसटतो.

ही फट अँटवर्प विद्यापीठातील सॅम व्हॅन वासेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला हजारो चित्रे घेऊन भरून काढली. तीन जातींच्या सहा पक्ष्यांचे शंभरावर घाव त्यांनी मोजले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. चोचीमागे गादी असती, तर चोच झटक्यात थांबल्यावर तिच्यामागचा मेंदूचा भाग थोडा सावकाश थांबायला हवा होता. तसे काही आढळले नाही. चोच आणि कवटी एकसंध असल्यासारखी एकदमच थांबतात. विचार केला तर यात नवल नाही. हातोड्याच्या तोंडाला स्पंज बांधून तू खिळा ठोकशील का? गादीने धक्का खाल्ला, तर लाकडाच्या वाट्याला काय उरणार? पक्ष्याला भोक पाडायचे आहे, तेव्हा घावातली ताकद डोक्यातच जिरवणारी रचना त्याच्या कामाची नाही.

तुझ्या आराखड्यात कवटीला मागून वेढा घालून येणारी जिभेची हाडे ‘सीट बेल्ट’ म्हणून रंगवली आहेत, तीही काढ. त्या लांब हाडांमुळे आणि त्यांच्या स्नायूंमुळे जीभ चोचीच्या बरीच पुढे, खोल बिळातल्या अळीपर्यंत पोहोचते. वेढा आहे तो पोटासाठी आहे.

मग मेंदू वाचतो कसा, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. त्याच अभ्यासात डोके थांबण्याचा धक्का जास्तीत जास्त गुरुत्वत्वरणाच्या (पडत्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो त्याच्या) ४०० पटींपर्यंत गेला आणि माणसाच्या मेंदूला तर सुमारे १०० पटींनाच इजा होऊ शकते. उत्तर आकारात आहे. गच्च भरलेल्या एसटीने करकचून ब्रेक लावला की मागून पुढेपर्यंत सगळी रांग सरकते आणि दांड्याला टेकलेल्या पहिल्या माणसावर सगळ्यांचा भार येतो. तोच ब्रेक रिक्षाने लावला तर पुढच्यावर दोघातिघांचाच भार येतो. मेंदूतही पुढच्या थरावर मागच्या सगळ्या थरांचा दाब येतो आणि तो मेंदूच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो. माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा, बऱ्याच सुतार पक्ष्यांचा दोन-चार ग्रॅमचा. वजन लांबीच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून घनमूळ काढले की लांबीतला फरक सात ते नऊ पट निघतो. म्हणजे आपले १०० त्याच्यासाठी सातशे ते नऊशे होतात आणि ४०० चा घाव त्याच्या आत आरामात बसतो. घाव क्षणभराचा असतो आणि कवटीत मेंदू हलायला मोकळी जागा फारशी नसते, याचाही उपयोग होतोच.

घाव सरळ रेषेत बसतो, याकडे फिलिप मे या संशोधकांनी १९७९ मध्येच लक्ष वेधले होते. डोके तिरके फिरले की मेंदूचे थर एकमेकांवर घासतात आणि खरी नासधूस तिथे होते. (याच विषयावरील कामासाठी त्यांना आणि आयव्हन श्वाब यांना २००६ मध्ये इग्नोबेल मिळाले, थट्टेचे पारितोषिक, पण प्रश्न चोख.) मात्र या पक्ष्याला काहीच होत नाही असेही मुलांना सांगू नकोस. बोस्टनच्या संशोधकांना २०१८ मध्ये संग्रहालयात जतन केलेल्या सुतार पक्ष्यांच्या मेंदूंत टाऊ प्रथिनाचे साठे आढळले, आणि माणसात हे प्रथिन मेंदूच्या इजेशी जोडले जाते. ते इथे इजेची खूण आहे की संरक्षणाची सोय, हा प्रश्न त्यांनीही उघडाच ठेवला.

खरे सांगायचे तर मला डोक्यापेक्षा शेपटी जास्त आवडली. आमच्या माडावरचा पक्षी दोन बोटे पुढे आणि दोन मागे रोवून खोड धरतो, शेपटीची ताठ पिसे खोडाला टेकवतो आणि अशी तिपाई झाली की मगच घाव घालतो. पाय वर ओढतात, शेपूट रेटा देते; टेकू नसता तर प्रत्येक घावाला अंग खोडापासून मागे फेकले गेले असते. मुख्य भार शेपटीतल्या मधल्या दोन पिसांवर येतो आणि पिसे झडायच्या दिवसांत हीच दोन सर्वांत शेवटी, बाजूची नवी पिसे भक्कम झाल्यावर झडतात. स्लॅबखालचे टेकू कोणत्या क्रमाने काढायचे यावरून साइटवर मी किती डोकेफोड केली आहे, ते तुला ठाऊक आहे.

तेव्हा प्रदर्शनात स्पंजऐवजी दुसरे काही ठेव. परवा घरात चायना ग्रासच्या वड्या झाल्या होत्या. मी एक डबाभर अखंड लगदा आणि एक बोटाच्या पेराएवढी वडी ओट्याच्या उंचीवरून लादीवर टाकली. मोठा गोळा मधोमध चिरला आणि दोन तुकडे झाले. वडी दोनदा उसळली आणि अखंड राहिली. मुलांना हा प्रयोग करू दे, खाली ताट ठेव. तुझ्या वहिनीने लादी माझ्याकडूनच पुसून घेतली.

चित्रीकरण वेगळे पाठवतो. ढोलीचे भोक आता मुठीएवढे झाले आहे आणि आत गेलेला पक्षी भुसा बाहेर फेकतो, तो थेट आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर पडतो. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
बाळ