पावसात झोळी बांधायची तर

नाशिक, जुलै

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

श्रावणात इगतपुरीकडे हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची झोळी, बांधून रात्र काढायची, तर जाड स्लीपिंग बॅग घेऊ का, असं विचारतोस. नको घेऊस. हॅमॉकमधली थंडी खालून येते. बॅगचं अंगाखालचं भरण आपल्याच वजनाने चपटं होतं, त्यात हवा उरत नाही, आणि झोळीखालून वारा तर रात्रभर वाहतो. पारा वीसच्या आसपास असला तरी पहाटे पाठ गारठते ती यामुळेच. पैसे छतावर आणि खालच्या अस्तरावर घाल.

छत म्हणजे टार्प, हॅमॉकवर ताणायचं पाणी अडवणारं कापड. साधारण ३.५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद घे. हॅमॉकच्या दोन्ही टोकांपुढे एकेक वीत तरी तो जायलाच हवा. ताडपत्रीही चालते, पण ती जड, आणि तिच्या कोपऱ्यातल्या रिंगा वाऱ्यात उपटून येतात. त्यापेक्षा कोपऱ्यात गुळगुळीत गोटा गुंडाळ आणि त्याच्या मानेला दोरी बांध.

आपल्याकडे या दिवसांत वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. म्हणून झाडांची जोडी वायव्य-आग्नेय रेषेत शोध, म्हणजे टार्पची रुंद बाजू वाऱ्याला येईल आणि उघडी टोकं वाचतील. वाऱ्याकडची कड हॅमॉकच्या तळापेक्षा खाली ओढ. इरलं घेऊन आवणी करणारा माणूस पाठ पावसाकडे ठेवतो, तसंच हे. नायलॉनचा टार्प भिजला की सैल पडतो, मग खोलगट भागात पाणी साचतं. तासाभराने दोऱ्या पुन्हा ताण, किंवा कोपऱ्यांना इलॅस्टिक लाव. कातळावर माती वीतभरही नसते, तिथे खुंट्या धरत नाहीत. मोठे दगड वापर.

आता खरी मेख. टार्प उत्तम असला तरी झाडाच्या खोडावरून ओघळणारं पाणी हॅमॉक झाडाला बांधायच्या पट्ट्यावर येतं आणि पट्ट्यावरून सरळ हॅमॉकच्या कापडात उतरतं. मध्यरात्री बूड ओलं लागतं ते याच पाण्याने, आणि दोष मात्र टार्पला जातो. उपाय फुकटचा आहे: टार्पच्या आत, पण हॅमॉकच्या कापडाच्या अलीकडे, दोन्ही पट्ट्यांना सुती नाडा घट्ट बांध आणि त्याचं टोक वीतभर लोंबतं ठेव. पाणी तिथूनच ठिबकून जातं.

पट्टे पॉलिएस्टरचे, निदान अडीच सेंटिमीटर रुंद. झाडं ४ ते ५ मीटर अंतरावर, पट्ट्याचा आडव्या रेषेशी कोन सुमारे ३० अंश, आणि तू बसलास की बैठक खुर्चीच्या उंचीवर. जांभूळ, आंबा, ऐन चालतील. सावर आणि पांगारा काट्यांमुळे नकोत. वर वाळकी फांदी असेल तर ते झाड सोड. ओढ्याकाठी नको, डोंगराच्या धारेवर नको. जागा वनखात्याची असेल तर आधी परवानगी काढ.

अस्तर म्हणून हॅमॉकच्या बाहेरून खाली टांगायची सिंथेटिक रजई, म्हणजे अंडरक्विल्ट, सर्वांत चांगली. ती बाहेर असल्यामुळे चेपत नाही. पण सैल राहिली तर मधल्या फटीत गार हवा खेळते, फार ताणली तर भरण दबतं. आत झोपून दुसऱ्याला खालून तळहात घालायला सांग. हात सहज शिरला तर इलॅस्टिक आवळ. खर्च टाळायचा असेल तर पाणी न शोषणारी १० मिलिमीटरची फोम मॅट आत घाल. तिची रुंदी खांद्यांना अपुरी पडते, म्हणून तिथे एक तुकडा आडवा लाव. गोधडी नको, सुती असल्यामुळे ती पाणी पिते. घोंगडी मात्र दमट झाली तरी ऊब धरते, फक्त वजन सोसावं लागेल. पिसांचं भरण या धुक्यात गोळा होऊन बसतं.

झोपताना थोडं तिरकं झोप, पाठ सपाट राहते. रात्रीचे कपडे आणि लोकरी मोजे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेव. चालताना भिजलेले कपडे अंगावर ठेवून आत शिरू नकोस.

बांधताना आधी टार्प, मग बाकीचं. आवरताना टार्प शेवटी, आणि तो ओला गोळा वेगळ्या पिशवीत.

निघण्याआधी गच्चीवर एकदा बांधून पट्ट्यावर तांब्याभर पाणी ओत आणि नाड्याशी कुठे ठिबकतं ते बघ. काय झालं ते कळव.

तुझाच,
नाशिककर