स्टेपनी काढलीत, तर गाडी विकण्याआधी तसं सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गाडी घ्यायला गेलेला माणूस मायलेज विचारतो, एअरबॅग मोजतो, स्क्रीन केवढी आहे ते बघतो, सनरूफ उघडून बघतो, पण डिक्कीतलं कार्पेट उचलून खाली स्टेपनी आहे की नाही हे काही बघत नाही, कारण ती असणारच असं आपण सगळे धरून चाललेलो असतो. ते दिवस आता गेले. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये कार्पेटखाली चाक नसतंच, एका खाचेत छोटा कंप्रेसर आणि पांढऱ्या द्रवाची बाटली ठेवलेली असते, ना जॅक, ना पाना. आणि हे गाडीवाल्याला कळतं कधी, तर पहिल्यांदा टायर बसतो तेव्हा. माझं म्हणणं एवढंच आहे की चाक काढायचा निर्णय कंपनीने घेतला, त्याचा फायदाही कंपनीला मिळाला, आणि रस्त्यात अडकायची जोखीम मात्र आपल्याला न विचारता आपल्या गळ्यात मारली.

हे काही एखाद-दुसऱ्या मॉडेलपुरतं नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या मोठ्या संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं होतं की त्या वर्षीच्या मॉडेलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त गाड्या स्टेपनीशिवाय विकल्या जातायत. म्हणजे हा प्रकार जुनाच आहे, फक्त आता तो महागड्या स्पोर्ट्स गाड्यांवरून घरातल्या साध्या गाड्यांपर्यंत आलाय. मोटारीच्या सुरुवातीच्या काळातही गाड्या जादा चाकाशिवायच मिळायच्या, पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, परत चढवायचा. त्या त्रासाला कंटाळूनच १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस भावांनी, बसलेल्या चाकावर पकडींनी अडकवायचं हवा भरलेलं जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली, आणि मग बघता बघता ते जगभर गेलं. इतक्या वर्षांत रस्त्यावरचे खिळे संपले नाहीत, खड्डे संपले नाहीत, मग चाकाची गरज कशी काय संपली?

कंपन्यांची कारणं मला माहीत आहेत आणि सगळीच खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. पूर्ण मापाचं चाक, जॅक आणि पाना मिळून पंधरा-वीस किलो सहज होतात, मोठ्या एसयूव्हीचं असेल तर त्याहून जास्त. तेवढं वजन कमी झालं तर एका गाडीवाल्याला मायलेजमध्ये जाणवेल असा फरक पडत नाही, पण लाखो गाड्या बनवणाऱ्या कंपनीला पडतो, कारण उत्सर्जनाचे नियम आता तिच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीवर लागतात. युरोपात कंपनीची सरासरी ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली तर किलोमीटरमागच्या प्रत्येक जादा ग्रॅम कार्बन डायऑक्साइडला, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड आहे, मग कंपनी ग्रॅम ग्रॅम वाचवणारच. हायब्रिड गाडीत स्टेपनीच्या जागी अनेकदा बॅटरी येते, इलेक्ट्रिक गाडीत अख्खा तळच बॅटरीचा असतो, आणि डिक्की मोठी दाखवायची असते ती वेगळीच. शिवाय प्रत्येक गाडीमागे एक रिम, एक टायर, एक जॅक वाचला म्हणजे पैसे वाचले, हे मात्र जाहिरातीत कुणी सांगत नाही.

आता त्या कंप्रेसर आणि बाटलीच्या किटबद्दल, कारण खरी फसगत तिथे होते. बाटली कंप्रेसरला लावायची, नळी टायरच्या व्हॉल्व्हला, वायर गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला, मग तो द्रव हवेबरोबर आत जातो, लगेच थोडं अंतर गाडी चालवायची म्हणजे तो आत सगळीकडे पसरतो आणि भोकापाशी घट्ट होऊन बसतो, मग थांबून हवा परत तपासायची. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तिथेच छोटा खिळा घुसलाय, भोक साधारण सहा मिलिमीटरच्या आत आहे, आणि खिळा तुम्ही उपटून काढलेला नाही, तर हे किट चांगलं काम करतं, मी ते करताना बघितलंय आणि त्याला नावं ठेवायची नाहीयेत मला. पण टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल फाटली, खड्ड्यात आपटून रिम वाकली, टायरला मोठा चिरा गेला, तर ती बाटली ओता नाहीतर ओतू नका, काहीही फरक पडत नाही.

आणि आजच्या गाड्यांत साइडवॉल फाटायची शक्यता आधीपेक्षा कमी झालीये का, तर उलट वाढलीये. दिसायला छान म्हणून १८ इंची, १९ इंची रिम आणि त्यावर पातळ पट्टीसारखा टायर, खड्ड्याच्या कडेवर आपटला की टायर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेपला जातो आणि बाजूला कापला जातो, तो धक्का झेलायला रबर आणि हवा उरलेलीच नाही तिथे. इलेक्ट्रिक गाड्या तर वजनानेही जड. म्हणजे जो बिघाड किटने दुरुस्त होत नाही तोच बिघाड जास्त होईल असे टायर द्यायचे, आणि त्याच गाडीतून चाक काढून घ्यायचं, हे कुठलं शहाणपण आहे हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

माझ्या बाबतीत अगदी हेच झालं. रात्रीची वेळ, पाऊस चालू, आई मागच्या सीटवर, आणि पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. उतरून मोबाइलच्या उजेडात बघितलं तर पुढच्या डाव्या टायरला रिमच्या जवळ बोटभर लांबीची चीर. किटवर लिहिलेलं सगळं क्रमाने केलं, कंप्रेसर घरघरत राहिला, काटा शून्याच्या वर हलेना, आणि त्या चिरेतून पांढरा फेस बुडबुडे काढत बाहेर येऊन रिमवरून रस्त्यावर ओघळत राहिला. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लागला, बोलणारी मुलगी चांगलीच बोलली, पण तिचा पहिला प्रश्न होता, "सर, गाडीत स्पेअर व्हील आहे का?" नाही म्हटल्यावर मग टोइंगची गाडी पाठवावी लागेल म्हणाली, आणि ती यायला वेळ लागेल. त्या वेळात आईला थंडीने कापरं भरलं होतं आणि बाजूने मोठमोठे ट्रक पाणी उडवत जात होते, तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

या फोनवरच्या प्रश्नातच सगळं आलं. कंपन्या म्हणतात, लोकांना आता चाक बदलता येत नाही, हायवेवर खाली बसून चाक बदलणं धोक्याचं आहे, त्यापेक्षा मदत बोलवा. हायवेवर चाक बदलणं धोक्याचं आहे हे शंभर टक्के खरं आहे, गाडी कडेला सुरक्षित जागी घेता येत नसेल तर कुणीही तो प्रयत्न करू नये, आणि ज्यांना जड चाक उचलता येत नाही त्यांनी का उचलावं. पण मदतीला आलेल्या माणसाला तरी काहीतरी हातात द्या ना! गाडीत स्टेपनी असली तर मोटारसायकलवर आलेला एक मेकॅनिक पंधरा-वीस मिनिटांत ती लावून तुम्हाला रस्त्याला लावतो. ती नसली तर तो येऊन नुसता बघत राहणार, मग टोइंगची गाडी, मग गॅरेज, आणि गॅरेजमध्ये तुमच्या मापाचा टायर असला तर असला, कारण आता मापं इतकी झालीयेत की प्रत्येक दुकानात प्रत्येक माप राहूच शकत नाही, सुट्टीचा दिवस असेल तर विषयच संपला. म्हणजे स्टेपनी फक्त स्वतः चाक बदलणाऱ्यासाठी असते हे म्हणणंच चुकीचं आहे, जो स्वतः बदलू शकत नाही त्याला तर ती जास्त लागते.

टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, म्हणून स्टेपनीची गरज उरली नाही असंही सांगतात. हा दिवा फार चांगली गोष्ट आहे, अमेरिकेत २००७ पासून आणि युरोपात २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे आणि हळूहळू हवा जाणाऱ्या पंक्चरमध्ये तो खरंच वाचवतो. पण दिवा सांगतो की हवा गेली, हवा गेल्यावर पुढे काय करायचं त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. रनफ्लॅट टायर असले तर गोष्ट वेगळी, त्यांची बाजू इतकी कडक असते की हवा नसतानाही साधारण ताशी ८० च्या वेगाने ८० किलोमीटरपर्यंत गाडी जाते, पण ते महाग, बसणाऱ्याला दणके जास्त, आणि हवेशिवाय चालवले की बहुतेक वेळा दुरुस्त न करता बदलावेच लागतात. आणि नुसतं किट दिलेल्या बऱ्याच गाड्यांना रनफ्लॅट नसतातच, साधेच टायर असतात, हे लक्षात घ्या.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे त्या बाटलीला एक्सपायरी असते. साधारण चार ते आठ वर्षांत तो द्रव निकामी होतो, तारीख बाटलीवर छापलेली असते, पण सर्व्हिसिंगला गाडी दिली की ऑइल बदलतात, फिल्टर बदलतात, बाटलीची तारीख किती जण बघतात? जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर आधी तीच बघावी, कारण आधीच्या मालकाने ती वापरून रिकामी खाचेत परत ठेवलेली असू शकते. आणि एकदा ती टायरमध्ये गेली की पंक्चर काढणारा वैतागतो, आत सगळा चिकट राडा, काही जण तर टायर हातातच घेत नाहीत, नवीनच घ्या म्हणतात. ज्या खिळ्याचं पंक्चर साध्या प्लगने निघालं असतं त्यासाठी मग अख्खा टायर.

मग लोक म्हणतात एवढं वाटतं तर स्वतः चाक विकत घे आणि टाक डिक्कीत. कुठे टाकायचं? खालची गोल खाचच ठेवलेली नाही, चाक घट्ट बसवायचा बोल्ट नाही, आणि वीस किलोचं चाक डिक्कीत मोकळं टाकून फिरणं म्हणजे अपघातात तेच मागून अंगावर यायची सोय. हा निर्णय गाडीच्या डिझाइनच्या वेळी कागदावर होतो, एकदा पत्रा तसा दाबून झाला की गाडीवाल्याच्या हातात काही राहत नाही, म्हणून मला वाटतं की निदान खाच तरी ठेवा. पूर्ण मापाचं चाक नको असेल तर ते बारीक तात्पुरतं चाक द्या, ताशी ८० च्या वर चालवता येत नाही, त्यात ६० पीएसआय हवा लागते आणि ती अधूनमधून बघावी लागते, पण ते घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत पोचवतं, साइडवॉल फाटली असली तरी पोचवतं. ज्याला नको त्याने घेऊ नये, शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला कदाचित किट पुरेलही, पण ज्याला हवंय त्याला बुकिंगच्या वेळी पैसे देऊन तरी ते मिळालं पाहिजे, आणि गाडीच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर, मायलेजच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापलं पाहिजे की या गाडीत स्टेपनी नाही. आता ते असतं शेवटच्या पानावरच्या तक्त्यात बारीक अक्षरात "टायर रिपेअर किट" असं, जणू काहीतरी जादा दिलंय. सरकारांनीही जिथे जिथे किट आणि हवेच्या दिव्यावर स्टेपनी काढायला परवानगी दिलीये तिथे निदान हे सांगणं सक्तीचं करावं, परवानगी देताना ग्राहकाला कळवायची अट घालायला काय हरकत होती?

वाचकांना माझी विनंती आहे की तुमची गाडी दारात उभी असेल तर आजच डिक्की उघडा, कार्पेट उचला, काय आहे ते बघा. चाक असेल तर त्यात हवा आहे का बघा, वर्षानुवर्षं कुणी बघितलेली नसते. चाकाच्या नटांना चोरीपासूनचं लॉक असेल तर त्याची चावी कुठे आहे ते शोधा, नाहीतर स्टेपनी असून उपयोग नाही. किट असेल तर बाटलीवरची तारीख वाचा, आणि मदत क्रमांक मोबाइलमध्ये सेव्ह करा, गाडीच्या पुस्तकात राहून तो रात्री सापडत नाही.

आणि संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या पेपरात नव्या गाड्यांची परीक्षणं येतात, मी ती आवर्जून वाचतो, त्यात स्पीकर किती आणि सीटला गार हवा येते का इथपर्यंत सगळं असतं, पण कार्पेटखाली काय आहे ते क्वचितच असतं. यापुढे प्रत्येक परीक्षणात एक ओळ छापा, स्टेपनी आहे का, असेल तर पूर्ण मापाची की तात्पुरती, आणि नसेल तर ठेवायला जागा तरी आहे का. तुमचा परीक्षक गाडी चालवायला घेतोच, डिक्की उघडून बघायला त्याला एक मिनिट लागेल.

आपला,
एक नियमित वाचक